पायाळूचा संप

कुणाची लाथ पाठीवर घ्यायला तुम्ही कधी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्याच्या दारात पालथे पडला आहात का?

आमच्या वाडीतले पुरुष पडत. माझ्याच दारात. मी जन्मले ती पायांकडून, म्हणजे पायाळू. आणि आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पायाळू माणसाचा पाय हे उसणीवरचं औषध समजतात. कुणाची कंबर धरली, पाठीत चमक भरली, की तो कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून तिन्हीसांजेला आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात यायचा आणि उंबऱ्याशी पालथा पडायचा. मी डाव्या पायाच्या अंगठ्याने दुखरी जागा दाबायची आणि हलकीच एक लाथ घालायची. तो उठायचा आणि मागे न बघता घरी जायचा. बदल्यात काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. विड्याचं पानसुद्धा नाही. घेतलं तर पायाचा गुण जातो, असा नियम होता. एरवी पोरीचा पाय एखाद्या थोरल्या माणसाला चुकून लागला तर तिने वाकून नमस्कार करायचा. उसण भरली की तोच थोरला माणूस तिच्या पायाखाली!

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मुंबईत गिरणीत होते. चतुर्थीला घरी येताना ते ट्रंकेच्या तळाशी पत्रकांचा गठ्ठा घालून आणायचे. संपाची, सभांची, गोवा सोडवा म्हणणारी, भोळ्या समजुती गाडा म्हणणारी. कागद पिवळा नाहीतर गुलाबी, आणि शाई बोटांना लागणारी. मी त्यांवर वाचायला शिकले. पत्रकात शंकेला जागा नसते, त्यामुळे ‘कदाचित’ हा शब्द मला फार उशिरा भेटला. ‘धिक्कार’ लवकर भेटला होता.

तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. मी इंग्रजी शाळेच्या वरच्या वर्गात होते. लाथा मारताना मला आता लाज वाटायला लागली होती आणि रागही येत होता. पण त्याहून एक गोष्ट जास्त खटकत होती. माझ्या दारात एकही बाई पालथी पडायला येत नव्हती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे येत, माड चढणारे येत, गाडीवान येत. बायका नाहीत. त्यांची कंबर दुखत नव्हती की काय? सकाळी हिरांची वाढवण, म्हणजे केरसुणी, घेऊन कमरेत मोडून केर काढायचा, मग सारवायचं, चुलीपुढे वाकायचं, पाण्याला वाकायचं, आषाढात चिखलात उभं राहून दिवसभर लावणीला वाकायचं. बाई आडवी होते ती बाळंतपणात नाहीतर मरणात. आणि परक्याच्या खळ्यात ती पालथी पडणार कशी? लोक काय म्हणतील?

पाण्याबद्दल नीट सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. वाडीची बाव एका तांडेलाच्या जमिनीत होती. तांडेल म्हणजे रापणीचा आणि होडीचा म्होरक्या. तो आमचा शेजारी, मी त्याला काका म्हणायची. बावीचा काठ गुडघ्याएवढा होता. रहाट नाही, कप्पी नाही, काही नाही. बाईने एक पाय काठाच्या चिऱ्यावर रोवायचा, कमरेतून आत वाकायचं आणि भरलेली कळशी हातोहात वर ओढायची. कळशी काठाशी आली की एका हाताने दोर धरून, अंगाला पीळ देऊन ती बाहेर घ्यायची. वैशाखात पाणी तळाला जातं आणि दोर लांबतो, तरी घरातले हंडे तेवढेच असतात.

त्या वैशाखात आईची कंबर गेली.

मी शेजारीच दुसरा दोर सोडत होते. कळशी काठाशी आली, आईने अंग वळवलं आणि तिच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर पडला. ओरडली नाही. दोर हातातून सुटला, कळशी धडधडत खाली गेली. आई दोन्ही हात काठावर टेकून तशीच वाकलेली राहिली.

“आये, काय झाला?”

“कायव नाय गो. जरा चमाकला.”

आणि त्या बाईने तसाच हंडा डोक्यावर घेतला आणि घरी आणला! दुसऱ्या दिवशी चटईवरून तिला कुशीवरही वळता येईना.

तिने मला जवळ बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. म्हणाली, “पाय लाव.”

मी लावला. डाव्या पायाचा अंगठा, मग लाथ, सगळं नियमाप्रमाणे. आई म्हणाली, “बरा वाटता हा,” आणि चुलीकडे जायला उठली. उठली ती मेढ्याला, म्हणजे घराच्या खांबाला, धरून खाली बसली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला.

मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माझ्या लाथेने पुरुष बरे व्हायचे ते का? लाथ खाऊन ते घरी जात आणि पडून राहत. बायको पेज आणून द्यायची, पाठ शेकायची, त्यांच्या वाटणीचं कामही करायची. चार दिवसांत कंबर आपोआप सुटायची आणि नाव माझ्या पायाचं व्हायचं. आईला लाथ मिळाली, चार दिवस मिळाले नाहीत.

मी बैलगाडी मागून आणली, गाडीत पेंढा घातला आणि आईला मालवणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे, तिरसट, पण नीट बघणारे. आईला उताणी झोपवून त्यांनी तिचा एकेक पाय सरळ उचलून पाहिला, पायाला बधिरपणा आहे का, लघवीला त्रास होतो का, हे विचारलं. तसं काही झालं तर घटकाभरही न थांबता या, म्हणाले. तसं नव्हतं.

“हाड ठीक आहे. स्नायू दुखावलाय,” ते म्हणाले. “दोन-तीन दिवस आराम, गरम वाळूचा शेक. पण महिनाभर लोळत पडायचं नाही, पडून पाठ अजून आखडते. जरा सुटलं की सपाट जागेवर थोडं थोडं चालायचं. आणि वजन उचलताना कमरेत वाकायचं नाही. गुडघ्यात बसा, कळशी पोटाशी घ्या, पायांच्या जोरावर उठा. उचललेल्या वजनासकट अंग वळवू नका. पाणी कसं काढता?”

मी सांगितलं.

“रहाट नाही? वाकून वर ओढायचं नसतं, मुली. उभं राहून खाली ओढायचं असतं. या बाईंनी परत तसं ओढलं तर पुढच्या वेळी गाडीत घालायलाही चार माणसं लागतील.”

लावणी महिन्या-दीड महिन्यावर आली होती. आई त्या आधी उभी राहणार की जन्माची वाकणार, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तांडेलकाकांच्या पडवीत जाऊन उभी राहिले.

“काकानू, बावीर रहाट बसवया.”

ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, “कित्याक?”

“आयेची कंबर गेली.”

“बावीत राखणदार आसा. तेच्या डोक्यार लाकूड घालूचा नाय. माझ्या आजयापासून कोणी घालूक नाय.” राखणदार म्हणजे जागा राखणारा, डोळ्यांना न दिसणारा देव.

“बायकांची सावली चलता तेका, आनी दोन खांब चलनत नाय?”

आता मान वर झाली. “माझ्या आवशीन ह्याच बावीचा पाणी ओढल्यान. तिची कंबर कदी दुखूक नाय.”

“तुमी कदी इचारल्यात तिका?”

“बापूस पत्रकां हाडता, आनी तू हय माझ्या डोक्यार वाच! जा घराक.”

मी गेले. आईच्या वाटणीचं पाणी मीच ओढू लागले आणि पाणी ओढणं काय असतं ते माझ्या कमरेला कळलं. आई कुशीवर पडून, गुडघ्यांमध्ये उशी धरून, आढ्याकडे बघायची आणि प्रत्येक खेपेला विचारायची, “गुरांक घातलंस?” मला घरात बसवेना, शाळेच्या पुस्तकाकडे बघवेना. संध्याकाळी मी किनाऱ्यावर नुसती या टोकाकडून त्या टोकाला चालत सुटायची. बायका रापणीच्या दोरांवरून मला हाका मारायच्या, मी ओ देत नसे.

मिरगाच्या आधी होड्या वर काढतात. भरतीची रेघ जिथवर जाते त्याच्याही वर, माडांत. मग त्यांच्यावर झापांचं, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचं, छप्पर घालतात. त्या दिवशी होडी ओढताना तांडेलकाकांची कंबर धरली. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना आमच्या खळ्यात आणलं. अर्धी वाडी मागोमाग आली, कारण तांडेल पालथा पडतो हे काही रोज बघायला मिळत नाही.

“ये गो, बेगीन पाय लाव. जीव जाता माझो.”

मी उंबऱ्यात उभी होते. खरं सांगायचं तर मी काही ठरवलेलं नव्हतं. पण बाबांच्या पत्रकांतली ‘आधी मागणी, मग काम’ ही घोषणा तोंडापर्यंत आली आणि मी ती मालवणीत घातली.

“लावचंय नाय. आदी बावीर रहाट, मगे पाय.”

कुणाला क्षणभर कळेचना. मग काकांना धरून उभा असलेला एक जण फिदीफिदी हसला. “अरे, चेडू संपार गेला!”

“गिरणीवाल्याचा ता. संपार नाय जाता तर खंय जाता?”

“पायाळूबाय, पाय सोन्याचो झालो काय गो?”

काका हसले नाहीत. जमिनीकडे तोंड करूनच म्हणाले, “अगो, पाय विकतंस? मोल घेतलंस तर गुण जातलो तुझो.”

“जावंदे! माका खंय होयो आसा!”

आतून आईचा आवाज आला. इतके दिवस कुजबुजणारी आई ओरडत होती. “चेडवा, पाय लाव तेंका! दारात इल्लो माणूस असो धाडूचो नाय!”

मी हलले नाही. लोकांनी काकांना उचललं आणि नेलं. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं. लाथ खाल्लेला माणूस मागे वळून बघत नाही, पण त्यांना लाथ मिळाली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला अजून टोचतात. भोळ्या समजुती गाडा, म्हणणारी मी, आणि माझ्या हातातलं एकुलतं हत्यार म्हणजे एक भोळी समजूत! माझ्या पायात काही नाही हे मला ठाऊक होतं. मग जे नाही ते अडवून धरायचं, हा संप की फसवणूक? पण दुसऱ्या बाजूने बघा. त्यांच्या राखणदाराने बायकांच्या कमरा अडवून धरल्या होत्या, तोही कुठे दिसत होता? मी स्वतःशी भांडायची, भांडताना मोठ्याने बोलायची, आणि बावीवर बायका गप्प होऊन माझ्याकडे बघायच्या. एकीनेही म्हटलं नाही, की बरं केलंस. एक म्हणाली, “तुझ्या रहाटापायी तेंची रापण बुडतली, मगे खाशात काय?”

आई माझ्याशी बोलत नव्हती. शेक घ्यायची, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीला धरून पडवीत चार पावलं टाकायची, पण माझ्या हातचं पाणी पिताना तोंड फिरवायची.

आणि एका सकाळी मी वाफ्यातून परत आले तर चटई रिकामी. कोनाड्यातला दोर नाही.

धावत सुटले. बावीवर आई होती. एक पाय चिऱ्यावर, कमरेतून आत वाकलेली. तिच्या शेजारी तांडेलाच्या घरातला तांब्याचा हंडा होता आणि तिच्या दोरालाही त्यांचीच कळशी. पाण्याची खेप आमच्या घरासाठी नव्हतीच. काका खाटेवर, त्यांची बायको एकटी, गोठ्यात गुरं तहानलेली. मी ज्याला दारातून धाडलं होतं त्याच्या घरी आई पाणी घालायला निघाली होती. आमच्याकडे भरपाई अशी करतात. बायका करतात.

कळशी अर्ध्यावर आली होती आणि आईची पाठ परत धरली होती. तिला ओढता येईना, वळता येईना, आणि ती दोर सोडीना. दुसऱ्याची तांब्याची कळशी, ती सोडायची कशी?

पडवीतून काका ओरडत होते, “वयनी, दोर सोड! कळशी खड्ड्यात जावंदे! दोर सोड गो!”

मी पोचून दोर हातात घेतला तेव्हा आईच्या तळहातांतून रक्त आलं होतं. मी तिला मागून कमरेला धरलं. ती सरळ होईना. वाकलेलीच माझ्या अंगावर रेलली आणि म्हणाली, “तेंच्या गुरांक पाणी घाल आदी.”

मी वर पाहिलं तर काका पडवीच्या पायऱ्या उतरून खाली आले होते. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर, पण चालत. कुणाच्याही पायाशिवाय चालत. ते आईकडे बघत होते. पडवीतून बाव चांगली दिसते. आयुष्यभर ते त्या पडवीत बसले होते, पण बाई पाणी ओढते तेव्हा ते समुद्रावर असत, नाहीतर झोपलेले असत. पडून राहावं लागल्यामुळे हे त्यांनी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. असं मी म्हणते. त्यांनी तसं काही कबूल केलं नाही. माझ्याशी तर एक शब्दही बोलले नाहीत.

रापणीच्या माणसांना हाक मारली आणि एवढंच म्हणाले, “होडयेची कप्पी सोडून हाडा.”

दिवस मावळायच्या आत दोन फणसाचे खांब रोवले गेले, वर आडवं लाकूड बसलं आणि त्याला शिडाची कप्पी टांगली गेली. पण त्याआधी काय झालं? नारळ आला आणि गाऱ्हाणं झालं. “बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या डोक्यार लाकूड घातलाव, लेकरांची चूक पोटात घाल,” आणि सगळे पुरुष एका सुरात, “होय म्हाराजा!” चूक पोटात घालायची ती राखणदाराने. ज्या बाईची कंबर गेली तिचं नावही त्या गाऱ्हाण्यात नव्हतं. मी तिथे उभी राहून दात आवळले. मोल आईने दिलं आणि नारळ देवाला गेला!

दुसऱ्या दिवशी पहिली कळशी मी काढली. सरळ उभी राहून. दोर खाली ओढायचा, अंगाचं वजन त्यावर सोडायचं, कळशी आपली आपण वर येते. इतकं सोपं होतं ते. मला रडू आलं आणि रागही आला, कारण इतकं सोपं होतं.

आई लावणीला उभी राहिली नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. चतुर्थीला ती भिंतीचा आधार न घेता परसापर्यंत जाऊ लागली. तिला उभ्याने सगळं हाताशी यावं म्हणून मी पाण्याचे हंडे जमिनीवरून उचलून चिऱ्यांच्या कट्ट्यावर ठेवले, चूलही उंच घेतली. वाढवण बांबूला बांधली तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. “उभ्यान केर काढतंस? मडमीण खंयची!” पण काढू लागली. संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर मी तिला चालवायची. पाठ पुरती सरळ मात्र परत झाली नाही. आजही ती उठताना आधी हात टेकते.

माझ्या खळ्यात पालथं पडायला त्यानंतर कुणी आलं नाही. मोल मागितल्यामुळे गुण गेला, असं वाडीने ठरवलं. त्याचं मला अजिबात दुःख नाही.

बाबा चतुर्थीला आले. मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. मला वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी ट्रंक न उघडताच विचारलं, “संपात तुझ्यावांगडा कोण होती?”

“कोण नाय.”

“बायकांक इचारलंस?”

“नाय.”

“मगे ता संप न्हय गो. एकट्यान काम बंद केला तर तेचो भार शेजारच्यार पडता. तुझ्या आवशीर पडलो.”

मी त्यांच्याशी खूप भांडले. रहाट बसला की नाही, असं मी म्हणाले. त्यांनी नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

आता मी या तालुक्यात फिरते, शाळेत शिकवते, सभांतून बोलते, आणि माझी सवय अशी की प्रत्येक वाडीत आधी बाव बघते. कणकवलीच्या रस्त्यावर एसटी थांबली की मी उतरून बघते. गोवा सुटला, महाराष्ट्र झाला, आणि अजून कितीतरी विहिरींवर बाई कमरेतून मोडून वर ओढते आहे. विचारलं की ती म्हणते, “कायव नाय, जरा चमाकता.”

तर तुम्हाला सांगणं एवढंच. हे वाचून झालं की कागद बाजूला ठेवा आणि तुमच्या वाडीच्या विहिरीवर जा. तिथे रहाट नसेल तर पाणी काढणाऱ्या सगळ्या जणींना विचारा, एकीलाही वगळू नका, आणि त्या सगळ्यांसकट विहीर ज्याची आहे त्याच्या पडवीत जाऊन उभे राहा. दोन खांब, एक आडवं लाकूड आणि एक कप्पी, एवढंच मागा. लावणीच्या आधी मागा. आणि ते बसेपर्यंत तुमच्या घरचं पाणी, तुम्ही पुरुष असलात तरी, तुम्ही ओढा.